ठेका धरणारे

चुडाव्यात जॅझ वाजत नाही. पूर्वी कधी वाजलं नाही आणि पुढं वाजेल अशीही काही चिन्हं नाहीत. पूर्णा जंक्शन सोडून नांदेडकडं निघालं की लागणारं हे लहानसं स्टेशन. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या फलाटाकडं न बघताच निघून जातात. गावात वाजतात ते सप्त्यातले टाळ-मृदंग, लग्नातली सनई-हलगी, गोंधळाचं संबळ आणि अलीकडं छाती हादरवणारा डीजे. तरीही संध्याकाळी ओट्यावर बसून मी जे ऐकतो, ते चार वादकांचं, बिनगाण्याचं, निम्म्याहून जास्त जागच्या जागी सुचत जाणारं संगीत असतं.

पुण्या-मुंबईकडचे पाहुणे आले की त्यांना याचं नवल वाटतं, आणि कारणही ते घरूनच ठरवून आलेले असतात. रेल्वेच्या गावचा माणूस, रुळांचा खडखडाट ऐकत वाढला, म्हणून जॅझ! ऐकायला बरं वाटतं, पण तसं काही नाही. मीटरगेज गेली, ब्रॉडगेज आली, रुळांचे सांधे वेल्ड झाले आणि तो खडखडाट उरलाच नाही. होता तेव्हाही त्याला सम नव्हती. सम नसलेल्या ठोक्यांना मी ताल म्हणत नाही.

खरं कारण फार साधं आहे. पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आमचे एक नातलग राहत, त्यांच्याकडं शॉर्टवेव्ह धरणारा ट्रान्झिस्टर होता. रात्री सिलोन शोधता शोधता काटा सरकला की कधी कधी व्हॉइस ऑफ अमेरिका लागायचं. विलिस कॉनोव्हर नावाचे निवेदक 1955 पासून तिथं जॅझ ऐकवत. परक्या मुलखातल्या लोकांना कळावं म्हणून ते एकेक शब्द सुटा करून, सावकाश बोलत. मला तेही इंग्रजी कळायचं नाही, पण त्या माणसाला घाई नाही एवढं कळायचं. त्यांच्या कार्यक्रमाची शीर्षकधून ड्यूक एलिंग्टनच्या बँडची होती आणि ती न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतल्या ‘ए’ गाडीवर बेतलेली होती, हे पुष्कळ नंतर समजलं. रेल्वेचा संबंध लावायचाच तर तो एवढाच.

त्या खरखरीतून कानावर यायचं ते ट्रम्पेट, सॅक्सोफोन, झालंच तर पियानो. ड्रमची झांज किणकिणायची. डबल बास मात्र येत नसे. वाजवणारा वाजवत असणारच, पण तळहाताएवढ्या स्पीकरला तो खर्ज पेलायचा नाही. म्हणजे कितीतरी वर्षं मी हे संगीत त्याच्या पायाशिवाय ऐकत होतो. पुढं पुतणीनं नोकरी लागल्यावर चांगले हेडफोन आणून दिले, आणि ओळखीच्या धुना पुन्हा ऐकताना खालून एक माणूस उठून बसला. तो आधीपासून तिथंच होता. बाकीचे तिघं त्याच्याच जिवावर उड्या मारत होते.

हा लेख त्या माणसाबद्दल आहे.

जॅझच्या क्वार्टेटचा नेहमीचा सरंजाम असा: चाल पुढं नेणारं एक वाद्य, म्हणजे सॅक्सोफोन, ट्रम्पेट किंवा गिटार, स्वरांची भरणी करणारा पियानो किंवा ऑर्गन, एक बास, एक ड्रम. चाल एकदा वाजवून घ्यायची, मग तिच्या आवर्तनांवर एकेकानं आपलं म्हणणं मांडायचं, शेवटी पुन्हा चालीवर यायचं. ख्याल ऐकणाऱ्याला यात अनोळखी असं फारसं काही नाही. पण या घराण्याची एक शाखा अशी आहे, की तिच्यात मांडणीपेक्षा ठेकाच मोठा असतो. 1998 साली गिटारवादक जॉन स्कोफील्ड यांनी मेडेस्की, मार्टिन आणि वुड या तिघांना बरोबर घेऊन ‘अ गो गो’ नावाचा अल्बम केला. ऑर्गन, ड्रम आणि बास वाजवणारे हे तिघं आधीच एकत्र मुरलेले होते. हा अल्बम लावला की पहिल्यांदा वाटतं, यात काहीच घडत नाही. बासची एक छोटी ओळ येते, संपते, पुन्हा येते. ड्रमचा हात त्या ओळीच्या किंचित मागं रेलून पडतो. गिटार दोन शब्द बोलते आणि गप्प बसते. थोड्या वेळानं लक्षात येतं, की आपला पाय मघापासून हलतोय आणि आपण त्याला सांगितलेलं नाही.

तेच ते वाजवणं म्हणजे कमी प्रतीचं काम, असा आपला एक समज असतो. तो अशा वेळी तपासून बघावा. एखादी ओळ शंभर वेळा वाजवणारा माणूस शंभर वेळा निर्णय घेत असतो. या खेपेला शेवटचा स्वर गाळावा का? समोरच्यानं आवाज चढवलाय, आपण चढवावा की उलट दबून राहावं? ठोका नेमका समेवर टाकावा, की केसभर उशिरा, म्हणजे ऐकणारा त्या केसभर वेळात पुढं झुकेल? पूर्वी आमच्या खळ्यात जोंधळ्याची मळणी व्हायची तेव्हा तिवड्याला बांधलेल्या पातीत सगळ्यात आतला बैल ठरवून निवडत. बाहेरचा बैल तरणा, मोठा फेरा मारणारा, बघणाऱ्याच्या डोळ्यांत भरणारा. आतला मात्र थोराड, जागच्या जागी वळल्यासारखा चालणारा. तो बिथरला की सगळी पात विस्कटायची, म्हणून म्हातारी माणसं खळ्यावर आल्यावर आधी आतल्या बैलाकडं बघत.

आपल्या संगीतात आतला माणूस नाही असं नाही. तबल्याचं एकल वादन आठवा. पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा धरलेला असतो. सोळा मात्रांची एकच ओळ, कायदे संपेपर्यंत, तुकडे संपेपर्यंत, तासभर. तबलजींनी तिहाई घेतली की सभागृह कोसळतं; लेहरा धरणारा त्या टाळ्यांतही हलत नाही, कारण त्याची पुढची मात्रा आलेली असते. पत्रिकेत त्याचं नाव असलंच तर शेवटच्या ओळीत, बारीक टायपात. एरवी गवयामागं बसून ठेका देणारे तबलजी या वेळी मोकळे सुटतात आणि सुरांचा माणूस ठेकेकरी होतो. जागांची ही अदलाबदल मला आपल्या संगीतातली फार मोठी गोष्ट वाटते, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

जॅझवाल्यांनी हीच गोष्ट आपल्या वाटेनं शोधली. माइल्स डेव्हिस यांच्या पाच जणांच्या संचानं 1967 साली ‘नेफर्टिटी’ ध्वनिमुद्रित केली. चाल वेन शॉर्टर यांची. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन, म्हणजे एरवी सगळी मिरवणूक ज्यांच्यासाठी निघते ते दोघं, इथं फक्त ती चाल पुन्हा पुन्हा वाजवत राहतात. सोलो नाही, चमकणं नाही. आणि त्यांच्या खाली एकवीस वर्षांचा टोनी विल्यम्स ड्रमवर जे काही करतो त्याला साथ म्हणणं अवघड आहे. लेहरा वर आणि तबला खाली, एवढाच फरक. हे कळायला मला कुठल्या पुस्तकाची गरज पडली नाही. नांदेडला ऐकलेल्या तबल्याच्या मैफली पुरल्या.

त्याहून प्रसिद्ध उदाहरण डेव्ह ब्रुबेक यांच्या क्वार्टेटचं. ‘टेक फाइव्ह’ ही 1959 सालची पाच मात्रांची चाल ज्यांनी जॅझ म्हणून कधी काही ऐकलं नाही त्यांच्याही कानावरून गेलेली असते. सॅक्सोफोन वाजवणारे पॉल डेझमंड यांनी ती रचली ती मुळात ड्रमर जो मोरेलो यांना मोकळं रान मिळावं म्हणून. मध्यावर मोरेलोंचा सोलो सुरू होतो तेव्हा ब्रुबेक काय करतात? क्वार्टेट त्यांच्या नावाचा, पियानो त्यांचा, आणि ते तीन-दोन, तीन-दोन असा दोन ठोकळ्यांचा लेहरा धरून बसतात. सोलो संपेपर्यंत ते तिथून हलत नाहीत. मालकानं हमाली करावी तसं.

हा क्वार्टेट त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईला येऊन गेला होता. शीतयुद्धाचे दिवस होते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं 1958 साली ब्रुबेक आणि मंडळींना पोलंडपासून तुर्कस्तान, भारत, पुढं इराकपर्यंत फिरवलं. गोरे आणि काळे एका मंचावर बसून वाजवतात हे जगाला दाखवायचं होतं, कारण आपल्याकडं सगळं आलबेल नाही हे जगाला ठाऊक झालं होतं. मुंबईत ब्रुबेक सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत बसून वाजवून गेले. तुर्कस्तानच्या रस्त्यावर ऐकलेल्या नऊ मात्रा त्यांनी घरी नेल्या. हे सगळं अनेकांनी लिहिलंय. माझं लक्ष मात्र त्या दौऱ्यातल्या बासवादकाकडं जातं. त्यांचं नाव यूजीन राइट. चौघांत ते एकटे काळे होते.

परदेशी निघण्यापूर्वी त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनातल्या एका कॉलेजात त्यांचा कार्यक्रम होता. काळा वादक मंचावर नको, असं कॉलेजचं म्हणणं पडलं. ब्रुबेक म्हणाले, मग आम्ही कुणीच वाजवत नाही. बरीच ओढाताण झाल्यावर परवानगी मिळाली, पण अट अशी, की राइट यांनी मागं, अंधारात राहावं. कार्यक्रम रंगात आला आणि ब्रुबेक यांनी राइटना सांगितलं, तुझा माईक बंद पडलाय, पुढं येऊन माझ्या माईकवर वाजव. माईक बंद पडलेला नव्हता. 1960 साली तर दक्षिणेतल्या कॉलेजांनी राइटऐवजी गोरा बासवादक आणा असा आग्रह धरला, तेव्हा ठरलेल्या 25 कार्यक्रमांपैकी बहुतेक कार्यक्रम ब्रुबेक यांनी सोडून दिले. ज्याच्या बोटांवर चौघांचा तोल उभा, त्यालाच वगळा म्हणत होते.

आमच्याकडं नॉर्थ कॅरोलायनापर्यंत जायची गरज नाही. वेशीपर्यंत गेलं तरी पुरतं.

हलगी कुणी वाजवायची हे मराठवाड्यातल्या गावांनी कान लावून ठरवलं नाही; जात बघून ठरवलं. ज्या समाजाकडं मेलेल्या जनावराचं कातडं आलं, त्याच्याच गळ्यात त्या कातड्याचं वाद्य अडकवलं. देवाच्या पालखीपुढं तोच वाजवणार, पण देवळाच्या पायरीपर्यंत. नवरदेव पारावर आला की तोच वाजवणार, पण जेवायला बसणार सगळ्या पंगती उठल्यावर. गावाला त्याचा ठेका हवा असतो, हात नको असतो. म्हणून त्या घरांतल्या कितीतरी पोरांनी हलगी खुंटीला टांगली आणि पुस्तकं हातात घेतली. पूर्णेसारख्या आंबेडकरी चळवळीच्या गावाशेजारी राहून मला त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही. लोककला जपा म्हणून त्यांना सांगायला जाणाऱ्या विद्वानांचा मला राग येतो. जपायचीच असेल तर ज्यांच्या दारात ती वाजत आली, त्यांनी आधी आपली वागणूक बदलावी.

तरीही ज्यांनी ती सोडली नाही त्यांच्या हातात काय आहे, ते मी जवळून बघितलंय. आमच्या शेजारच्या गावात एक जुने हलगीवाले आहेत. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला सर म्हणतात. त्यांच्या तरुणपणी वाजवायच्या आधी कडब्याची चार चिपाडं पेटवून हलगी शेकावी लागायची. कातडं तापलं की ताणतं आणि आवाज चढतो. ओल्या हवेत दर अर्ध्या तासानं पुन्हा जाळ करावा लागायचा. आता फायबरचा पडदा आणि नटबोल्ट आलेत. मामा म्हणतात, सोय झाली, पर आवाज एकच राहिला. त्यांच्या उजव्या हातात जाड टिपरू असतं आणि डाव्या हातात बारीक काडी. लोक बघतात ते टिपरू, कारण ते दणका देतं. मामांचं कसब डाव्या काडीत आहे. ती कडेला, जेमतेम ऐकू येईल अशी, सारखी पडत असते, आणि उजवा हात थांबला तरी ती थांबत नाही.

एकदा त्यांना हेडफोन लावून मी ‘टेक फाइव्ह’ ऐकवली. त्यांनी डोळे मिटले नाहीत की मान डोलावली नाही. मांडीवर बोटं टेकवत मोजत राहिले.

“पाच हायत,” थोड्या वेळानं म्हणाले. “तीन अन् दोन.”

ड्रमचा सोलो आला तसे जरा सावरून बसले. “ह्यो सुटलाय आता. पर पेटीवाल्यानं दोर सोडला न्हाई त्याचा.” मग हेडफोन कानाशी दाबून धरले. “खाली घुमायलाय त्ये काय हाय?”

मी सांगितलं, त्याला बास म्हणतात, माणसापेक्षा उंच व्हायोलिनसारखं असतं, उभं राहून बोटांनी वाजवतात.

“त्यो तर शेवटपतुर मागंच राह्यला की.”

सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिले आणि विचारलं, “चौघांला पैसे सारखेच का, सर?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. जॅझवर मी जे काही वाचलं होतं त्यात कुणी तो विचारल्याचंही आठवलं नाही. मी त्यांना डेझमंड यांची गोष्ट सांगितली. ते 1977 साली गेले. या चालीचे हक्काचे पैसे अमेरिकन रेड क्रॉसला मिळावेत असं मृत्युपत्रात लिहून गेले, आणि तेव्हापासून ते तिकडंच जातात.

“ते झालं बांधणाराचं,” मामा म्हणाले. “म्या वाजवणाराचं इचारलं.”

त्यांच्या ताफ्यात चौघं असतात. सनई, सनईला अखंड सूर देणारा, हलगी आणि ढोल. सूर धरणाऱ्याचं काम म्हणजे गाल फुगवून, नाकानं श्वास घेत, एकच स्वर तुटू न देता धरून ठेवणं. सुपारी ठरली की इसार घेतो सनईवाला. बिदागीत सनईला दीड वाटा, बाकीच्यांना एकेक. कुणी ओवाळणीची नोट काढली तर तीही सनईच्या तोंडाला लागते. हे असं का, म्हणून विचारलं तर मामा म्हणाले, लोकाला चाल ऐकू येती.

मुंबईत वेगळं काय होतं? ताजमहाल हॉटेलात 1935 साली लिऑन अॅबी यांचा काळ्या अमेरिकन वादकांचा बँड आला, पुढं टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे पियानोवादक आले. त्यांच्या शेजारी बसून गोव्याच्या पोरांनी हे संगीत उचललं. चर्चच्या शाळांत ती स्वरलिपी वाचायला शिकलेली होती, पोटासाठी मुंबईत आली होती आणि साहेबांच्या नाचघरात रात्री उशिरापर्यंत वाजवत होती. स्वातंत्र्यानंतर साहेब गेले, मुंबई प्रांतात दारूबंदी आली, हॉटेलांतले नाच ओसरले आणि हे वादक सिनेमाच्या स्टुडिओंत शिरले. आल्दोनाचे अंतोनियो शावियेर वाझ, ज्यांना सगळे चिक चॉकलेट म्हणत, ते ट्रम्पेट घेऊन सी. रामचंद्र यांच्याकडं आले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांनी कितीतरी संगीतकारांच्या चालींना वाद्यवृंदाचं अंग दिलं. पडद्यावर त्यांची नावं बहुधा साहाय्यक म्हणून आली, किंवा आलीच नाहीत.

हे सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, जन्मले पुणतांब्याला, आमच्याच गोदावरीच्या वरच्या अंगाला. त्यांच्या 1951 सालच्या ‘अलबेला’मध्ये चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. नाचतात भगवानदादा, गिरणी कामगाराचा मुलगा. कंबर हलकेच हलवत, एक पाय पुढं टाकत केलेला तो नाच इतका सोपा, की तो बघून कुणालाही उठावंसं वाटावं. चुडाव्याच्या आसपास जॅझ आलं ते याच वाटेनं, जत्रेतल्या तंबूच्या टॉकीजमधून. कुणाला ते जॅझ म्हणून माहीत नव्हतं. गावोगावच्या बँडवाल्यांनी त्या चाली क्लॅरिनेटवर बसवल्या, हलगीवाल्यांनी त्यांना आपला ठेका दिला, आणि वरातीत अजूनही कुणीतरी काका भगवानदादांची पावलं टाकतातच. न्यू ऑर्लीन्सच्या काळ्या वस्तीतून निघालेलं काहीतरी ताजमहालच्या नाचघरात, तिथून दादर-परळच्या स्टुडिओत आणि तिथून आमच्या वरातीत आलं. सगळ्या प्रवासात ते उचलून आणणारे हात मागच्या रांगेतलेच होते.

पुढच्या रांगेत आलेल्या एका माणसाचं नाव घ्यायला हवं. शोभा गुर्टू बेळगावच्या. ठुमरी-दादऱ्याच्या मोठ्या गायिका. ठुमरीच्या शेवटी लग्गी लागते तेव्हा गाणारी बाई मुखड्याची एकच ओळ धरून बसते आणि तबला उधळतो. तो पुन्हा लेहराच, फक्त गळ्यातला. अशा घरात 1951 साली जन्मलेले त्यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू तबला शिकले, युरोपात गेले, ‘ओरेगॉन’ या वाद्यसंगीताच्या क्वार्टेटमध्ये वाजवू लागले, पुढं जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रयीत. त्यांचं वादन बघण्यासारखं असतं. ड्रमला स्टूल नाही. गुडघ्यावर बसून ते ड्रम आणि तबला एकाच वेळी जवळ घेतात. शेजारी पाण्याची बादली असते. काशाची थाळी वाजवून तशीच झणझणत असताना पाण्यात बुडवली की तिचा सूर वाकून खाली जातो. अमेरिकेतल्या ‘डाऊनबीट’ मासिकाच्या समीक्षकांनी त्यांना कितीदा तरी पहिल्या क्रमांकाचे तालवादक ठरवलं. 1988 साली त्यांनी ‘उस्फ्रेट’ हा अल्बम केला, त्यात आई गायल्या. तालवाद्यवाला मालक आणि गवई पाहुण्या, असा तो संच. या घरातून निघालेला हा माणूस आपल्याकडं जितका माहीत असायला हवा तितका नाही, हे सांगून ठेवतो.

डीजेबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण टाळता येत नाही. वरातीत आता चौघांऐवजी ट्रॉलीवर भिंत उभी असते. तिचा ठेका अचूक असतो, मात्रा तसूभर हलत नाही. मात्र परवा एका वरातीत नवरदेवाची आजी काठी बाजूला ठेवून दोन पावलं नाचायला पुढं आल्या, आणि ठेका त्यांच्यासाठी थांबला नाही. तो आपल्याच वेगानं पुढं गेला. आजी क्षणभर उभ्या राहिल्या आणि मागं सरकल्या. मामा असते तर त्यांनी आजींच्या गुडघ्याकडं बघून लय उतरवली असती. त्यांना तसं करताना मी बघितलंय. ती लय उतरवणं म्हणजेच जागच्या जागी सुचणं. स्कोफील्डच्या त्या तिघांना जे येतं ते हेच, फक्त त्यांच्यासमोर आजी नसते.

आता कामाचं. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडं लग्नसराई सुरू होते, आणि अजूनही काही घरं हौसेनं सनई-हलगीचा ताफा सांगतात. तुमचं घर त्यातलं असेल तर इसार देताना चौघांना समोर बसवा आणि बिदागीचे चार सारखे वाटे तिथंच ठरवून घ्या. सनईवाला कुरकुर करील, करू द्या. आणि त्यांची पानं पहिल्या पंगतीला मांडा, सोयऱ्यांच्या ओळीत.